कळतं, पण वळत नाही : स्वमग्न प्रौढ आणि नियोजनाची अडचण

‘एवढा शिकला, पण पुढचा विचार म्हणून नाही.’ परंडा, भूम, बार्शी या पट्ट्यात कुठल्याही घरात कानावर पडावं असं हे वाक्य. ज्याच्याबद्दल ते बोललं जातं, तो कधी खरोखरच बेफिकीर असतो. कधी मात्र तो स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला असतो आणि हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं. आधी ठरवणं, वेळेचा अंदाज बांधणं, कामाला हात घालणं, ऐनवेळी बदल झाला तर दुसरी वाट काढणं, हे त्याला इतरांपेक्षा फार जड जातं. त्याविषयी आपल्याकडे जे पक्के समज आहेत त्यातले बरेचसे चुकीचे आहेत आणि त्यांचा जाच रोजचा आहे.

गैरसमज : स्वमग्नता लहान मुलांना असते, मोठेपणी जाते.

वस्तुस्थिती : ती जन्मभर असते, कारण मेंदूची घडणच वेगळी असते. लिओ कॅनर या डॉक्टरांनी 1943 मध्ये अमेरिकेत ज्या 11 मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं, त्यातला पहिला मुलगा म्हणजे डोनाल्ड ट्रिपलेट. तो मोठा झाला, बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, एकटा देशोदेशी हिंडला आणि 2023 मध्ये वयाच्या 89व्या वर्षी वारला. मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या त्याच्या लहानशा गावानं त्याला त्याच्या पद्धतीनं जगू दिलं. स्वमग्नता शेवटपर्यंत होती, आयुष्यही भरलेलं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 सालच्या अंदाजानुसार जगात दर 127 माणसांमागे एक स्वमग्न आहे. त्या हिशेबानं पाच हजार वस्तीच्या गावात अशी चाळीसेक माणसं निघतील. ती दिसत नाहीत, कारण कोणी शोधलंच नाही. मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला आणि तो 18 वर्षांपर्यंतच्यांसाठी आहे. आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्यांच्या वाट्याला तो आलाच नाही. त्यांच्या वाट्याला ‘वेंधळा’, ‘एककल्ली’, ‘तिरसट’ ही विशेषणं आली.

गैरसमज : बुद्धी आहे, तरी कामं राहतात. म्हणजे आळसच.

वस्तुस्थिती : बुद्धी आणि नियोजन या मेंदूच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियोजन, सुरुवात, मधल्या पायऱ्या ध्यानात धरणं आणि गरजेनुसार वाट बदलणं या सगळ्याला मिळून मानसशास्त्रात कार्यकारी क्षमता म्हणतात. सॅली ओझोनॉफ आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्येच दाखवलं होतं की, ज्यांची बुद्धी चांगली आहे अशा स्वमग्न व्यक्तींनाही चकत्यांचा मनोरा एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर हलवण्यासारखी, पुढच्या चाली आधी योजाव्या लागणारी कोडी अवघड जातात. 2018 मध्ये दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हाही हा फरक ठळक दिसला. मात्र ही झाली सरासरी. प्रत्यक्षात माणसागणिक चित्र बदलतं. काहींना दवाखान्यातली चाचणी सहज जमते आणि घरी साधं वीजबिल भरायचं राहून जातं. चाचणीच्या खोलीत शांतता असते, काम एकच असतं आणि ‘आता सुरू करा’ असं सांगायला समोर माणूस असतो. घरी यातलं काहीही नसतं.

एक साधं काम जवळून पाहू. बँकेत केवायसी करायचं आहे. तुमच्या-माझ्या लेखी हे एक काम. त्याच्या डोक्यात मात्र ते काम म्हणून येतच नाही, सुट्या तुकड्यांचा ढीग म्हणून येतं. आधार कार्ड कुठल्या पिशवीत? पॅन कार्ड लागेल का? झेरॉक्स किती प्रती? फोटो जुना चालतो का? झेरॉक्सचं दुकान किती वाजता उघडतं आणि गावाहून पहिली एसटी पकडली तर तोवर कुठं थांबायचं? बँकेत कुठल्या खिडकीवर? साहेब जेवायला गेले असले तर? यातला कुठला तुकडा आधी, हे ठरवण्यातच त्याची ताकद संपते आणि तो खाटेवर बसून राहतो. घरच्यांना दिसतो तो बसलेला माणूस.

या बसून राहण्याचा वेगळा अभ्यासही झाला आहे. इंग्लंडमध्ये कॅरन बकल आणि सहकाऱ्यांनी स्वमग्न प्रौढांशी बोलून 2021 मध्ये जे मांडलं, त्याचा आशय असा : करायची इच्छा असते, काय करायचं ते ठाऊक असतं, तरी सुरुवात होत नाही, आणि एकदा सुरू झालं की थांबताही येत नाही. हे ठरवून होत नाही. आळशी माणसाला न केलेल्या कामाचा एवढा त्रास होत नाही. इथं माणूस आतल्या आत कुढत असतो.

बायकांचं आणखी अवघड. मुली-बायकांमधली स्वमग्नता उशिरा ओळखू येते, कारण लहानपणापासून ‘नीट वाग’ ऐकून त्या इतरांची नक्कल करायला शिकतात. अशी एखादी सून डोळ्यांसमोर आणा. एकटी असली की तिच्या हातचा स्वयंपाक नामी होतो. पण पाहुणे येणार म्हटलं की एका चुलीवर भाकरी, दुसरीवर आमटी, तिकडे कुकरच्या शिट्ट्या, इकडे सासूबाईंचं ‘अगं, पाणी दिलंस का त्यांना?’ भाकरी उलटेपर्यंत आमटी उतू जाते. सगळे म्हणतात, हिला घाई झेपत नाही. खरं तर एकाच वेळी चार कामांची वेळ जुळवण्याचं ओझं तिच्यावर येऊन पडलेलं असतं. कोणी फक्त कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम घेतलं, तर तीच बाई उरलेलं सगळं व्यवस्थित करते.

गैरसमज : मोबाईलमध्ये गजर लावला की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : गजर वेळ सांगतो, पहिलं पाऊल सांगत नाही. अकरा वाजता ‘बँक’ म्हणून गजर होतो, बोट तो बंद करतं आणि माणूस जिथं आहे तिथंच राहतो.

इथं एक संशोधन फार कामाचं आहे. डेव्हिड विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये स्वमग्न प्रौढांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की, ‘अमुक वाजता कर’ या प्रकारचं स्मरण त्यांना कठीण जातं. पण ‘अमुक घडलं की कर’ या प्रकारात ते इतरांच्या बरोबरीनं होते. सगळ्या अभ्यासांचं यावर एकमत नाही, तरी ही वाट धरून पाहावी अशी आहे. आणि परंड्याच्या माणसाला ती परकीही नाही. आपला शेतकरी ज्वारी पेरतो ती तारीख पाहून नव्हे. पाऊस झाला, रान वाफशावर आलं, मूठभर माती हातात घेऊन पाहिली की पाभर चालते. म्हणजे खूण दिसली की काम. स्वमग्न माणसाच्या दिवसात अशाच खुणा पेराव्यात. चहाची कपबशी विसळली की गोळी घ्यायची. दूधवाला येऊन गेला की अंघोळ. चप्पल घालताना हाताला लागेल अशी कागदपत्रांची पिशवी दाराच्या खुंटीला. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये ‘असं झालं, तर मी तसं करीन’ अशा पक्क्या ठरावाचं बळ दाखवून दिलं, ते सगळ्याच माणसांच्या बाबतीत. स्वमग्न माणसाला त्याची गरज जास्त, एवढंच.

कामाचं नाव लिहू नये, पहिली कृती लिहावी. ‘बँकेचं काम’ असं नको. ‘कपाटातून आधार काढून निळ्या पिशवीत ठेवणं’ असं हवं. मग दुसरी ओळ. निघायची वेळ उलटी मोजून काढावी : बँकेत अकराला, तर स्टँडवर साडेदहाला, तर गावातून एसटी कितीची. हा हिशेब रोज डोक्यात करायला लावू नये, एकदा करून भिंतीवर लावावा. दुधाचा खाडा आणि गॅसची तारीख आपण कालनिर्णयवर लिहितोच. तिथंच, मोठ्या अक्षरात, एका दिवशी एकच बाहेरचं काम. मोबाईलमधली यादी पडदा मालवला की नाहीशी होते, भिंतीवरची जाता-येता दिसत राहते. ज्याला दिसलं नाही की सुचत नाही, त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे.

गैरसमज : वेळापत्रकाला घट्ट धरून असतो, म्हणजे नियोजन उत्तम.

वस्तुस्थिती : बहुधा उलटंच असतं. रोजचा क्रम ठरलेला असला की रोज नव्यानं ठरवावं लागत नाही, म्हणून तो त्याला धरून असतो. एसटी रद्द झाली की कोसळतो तो हट्ट नसतो, अख्ख्या दिवसाची योजना पुन्हा शून्यापासून करायची वेळ आलेली असते. अशा वेळी ‘त्यात काय एवढं’ म्हणू नये. बदलाची वाट आधीच लिहून ठेवावी : गाडी नाही आली, तर अर्धा तास थांबायचं, मग घरी फोन, मग परत. परत येणं हाही एक मंजूर मार्ग आहे हे कागदावर असलं की निम्मी घालमेल कमी होते.

गैरसमज : मदत केली की माणूस परावलंबी होतो.

वस्तुस्थिती : या समजापायी घरोघरी फार नुकसान होतं. परंडा तालुक्यात डोमगावला सीनेकाठी कल्याणस्वामींचा मठ आहे. परंपरा सांगते की समर्थांनी दासबोध सांगितला आणि कल्याणांनी तो लिहून घेतला. लेखणी दुसऱ्याच्या हाती होती म्हणून समर्थांना कोणी परावलंबी म्हटलं नाही. स्वमग्न माणसाला लागणारी मदतही अनेकदा एवढीच असते. काम तो करतो, कोणीतरी पायऱ्या मांडून देतं किंवा नुसतं शेजारी बसतं. भाऊ आपला पेपर वाचत बसला, तरी शेजारी फॉर्म भरून होतो.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे सगळं आपणच उरकणं, त्याच्या सह्या, त्याचा पैसा, त्याचे निर्णय हातात घेणं. नियोजनाला मदत लागते म्हणून स्वतःबद्दल ठरवायचा हक्क जात नाही. विचारावं : ‘दादा, यातलं मी काय करू आणि तू काय करशील?’

गैरसमज : यावर औषध आहे, फक्त मोठ्या शहरात मिळतं.

वस्तुस्थिती : स्वमग्नता घालवणारं औषध कुठल्याच शहरात नाही. स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये मागणाऱ्यांपासून दूर राहावं. स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस नाही आणि त्याची जाहिरात करणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळानं 2022 मध्येच सांगितलं आहे. मात्र स्वमग्नतेच्या जोडीला येणारी चिंता, नैराश्य, निद्रानाश, लक्ष न टिकणं यांवर उपचार आहेत आणि ते केले की नियोजनही थोडं सुधारतं. बोलायला कोणी नसेल तर सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे, मराठीतूनही बोलता येतं.

गैरसमज : दिव्यांग प्रमाणपत्र अशा धडधाकट माणसांसाठी नसतं.

वस्तुस्थिती : दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मधल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त ठरलं, तर सरकारी नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणात वाटा मिळतो. त्यातला 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून आहे. वाजवी सोय देणं हेही या कायद्यानं सरकारी कार्यालयांचं कर्तव्य आहे. लेखी सूचना, एका वेळी एक काम, शांत जागा या मागण्या त्यात बसतात आणि त्यांना फारसा खर्चही येत नाही.

अडचण अशी की, हे प्रमाणपत्र मिळवणं हीच नियोजनाची सगळ्यात कठीण परीक्षा ठरते. ऑनलाइन अर्ज, कागद अपलोड, तारीख, मग तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाणं, तिथं वेगवेगळ्या दारांवर चौकशी. ज्याला या पायऱ्या जमत नाहीत म्हणून प्रमाणपत्र हवं, त्याच्याकडून आधी याच पायऱ्या चढवून घेतल्या जातात. म्हणून एक आग्रहाची मागणी. तहसील, पंचायत समिती, बँका, रुग्णालयं आणि सेतू केंद्रं यांनी प्रत्येक कामाचे कागद, त्यांचा क्रम, खिडकीचा क्रमांक आणि वेळ यांची यादी मराठीत, ठळक अक्षरांत दाराबाहेर लावावी आणि काही बदललं की त्याच दिवशी दुरुस्त करावी. स्वमग्न माणसाला ती लागतेच. पहिल्यांदा कचेरीत आलेल्या म्हातारीलाही ती लागते.