दोनशे चाळिसावी पुंगळी

मागच्या सत्रात आमच्या तुकडीचे .२२ रायफलचे फायरिंग होते. चोवीस कॅडेट, प्रत्येकी दहा राउंड. फायरिंग संपल्यावर रिकाम्या पुंगळ्या मोजल्या, तर भरल्या दोनशे एकोणचाळीस. उस्तादांनी पुन्हा मोजायला लावल्या. पुन्हा दोनशे एकोणचाळीस.

रेंज सोडताना प्रत्येकाला सावधानमध्ये उभे राहून ओरडून सांगावे लागते, "कोई राउंड, कोई खाली खोका मेरे पास नहीं है, श्रीमान!" मीही ओरडलो होतो. त्यानंतर पाऊण तास सगळी तुकडी एका ओळीत गुडघ्यांवर बसून गवत चाचपत होती. शेवटी ती पुंगळी माझ्याच बाहीच्या घडीत सापडली. बोल्ट ओढला तेव्हा उडून तिथे बसली असणार. मला कळलेही नव्हते. पण खोटे तर माझ्याच तोंडून गेले होते. त्या दिवशीचा संध्याकाळचा खेळ सगळ्यांचा बुडाला, आणि रात्री मेसमध्ये माझ्या शेजारी कोणी फारसे बोलत नव्हते.

उस्तादांना मी विचारले, की बोटाच्या पेराएवढे हे पितळ, त्यासाठी एवढे का? पुन्हा भरून वापरतात का? ते हसले. म्हणाले, ".२२ वाला तो मर गया, बेटा. बड़ा वाला भर सकते हैं, पर हम नहीं भरते." या वाक्याचा अर्थ शोधता शोधता जे कळले ते इथे लिहितो आहे.

.२२ च्या काडतुसात ठिणगी देणारा मसाला तळाच्या कडेतच भरलेला असतो. पिन ती कडच चेपते, म्हणून एकदा उडाली की पुंगळीचे काम संपले. मोठ्या रायफलच्या काडतुसात मात्र तळाच्या मध्यभागी प्रायमर नावाची वेगळी छोटी टोपी बसवलेली असते. ती काढून नवी बसवता येते. त्यामुळे अमेरिकेसारख्या देशांत नेमबाज आणि शिकारी आपल्या पुंगळ्या जपून ठेवतात आणि घरीच पुन्हा काडतुसे तयार करतात. आपल्याकडे ते चालत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात, आणि परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा गुन्हा आहे. एका पुंगळीसाठी पाऊण तास का, याचे अर्धे उत्तर इथेच आहे.

पण मला खरी गोडी लागली ती पितळाची. पुंगळीचे पितळ म्हणजे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. या प्रमाणात पितळ न फाटता सर्वांत जास्त ताणले जाते. कारखान्यात पितळेच्या चकतीची आधी वाटी करतात, मग ती वाटी साच्यांतून ओढत ओढत लांब करतात. प्रत्येक ओढीला धातू कडक होतो, म्हणून मध्ये मध्ये तो तापवून नरम करावा लागतो. याला ॲनीलिंग म्हणतात. पुण्याच्या तांबट आळीत जे तांब्याचे हंडे ठोकतात ते कारागीरही हेच करतात. भांडे तापवायचे, ठोकायचे, कडक झाले की पुन्हा भट्टीत.

हे कोणालाही करून बघता येते. तांब्याची जाड तार घ्या. पहिल्यांदा ती सहज वाकते. चार-पाच वेळा मागे-पुढे वाकवली की हट्ट करू लागते, आणि आणखी वाकवली तर तुटते. तुटण्याआधी ती प्रयोगशाळेतल्या बर्नरवर लाल करून थंड केली, तर पुन्हा पहिल्यासारखी नरम. मी सरांसमोर ती तापलेली तार पाण्यात बुडवली. पोलाद असे बुडवले की कडक होते, म्हणून तारही कडक होईल अशी मी पैज लावली होती. हरलो. तांबे आणि पितळ पाण्यात बुडवले तरी नरमच राहतात.

आता पुंगळीचे बघा. मोठ्या रायफलचा चाप ओढल्यावर आत वातावरणाच्या साडेतीन-चार हजार पट दाब होतो. त्या क्षणी पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते, म्हणून गरम वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येत नाही. दाब उतरला की ती किंचित आकसते, म्हणून बाहेर निघते. एवढे काम करायला तिची मान नरम आणि बूड कडक हवे. पुन्हा भरण्यापूर्वी फुगलेली पुंगळी साच्यात दाबून मूळ मापाची करतात. म्हणजे प्रत्येक फेरीत मान एकदा फुगते, एकदा दाबली जाते. आमच्या तारेसारखेच. काही फेऱ्यांनी मानेला उभी चीर पडते. ती टाळायला जाणकार लोक फक्त मान तापवतात. जुनी रीत अशी, की पुंगळ्या ताटात कमरेएवढ्या पाण्यात उभ्या करायच्या, मानेवर ज्योत फिरवायची आणि लगेच पाण्यात आडव्या पाडायच्या. पाणी असते ते बुडापर्यंत उष्णता पोचू नये म्हणून. बूड नरम झाले तर तो दाब त्याला पेलवत नाही, आणि फुटलेल्या पुंगळीतला वायू सरळ नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतो. घरच्या अंदाजपंचे कामात मला याचीच भीती वाटते. पुंगळी बाहेरून कितीही चकाकली तरी बूड नरम आहे की कडक, हे डोळ्यांना दिसत नाही.

आणि चीर पडायला गोळी उडावीच लागते असे नाही. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या फौजेची न वापरलेली काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकायची. कारण बरीच वर्षे कळत नव्हते. काडतुसे तबेल्यांत ठेवलेली असत, आणि घोड्यांच्या मुताचा अमोनिया हवेत असे. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी याचा उलगडा केला. साच्यातून ओढताना पितळात ताण अडकून राहतो. अशा ताणलेल्या पितळाला दमट हवा आणि अमोनिया मिळाला की ते चिरते. उपाय सोपा निघाला. पुंगळी शेवटी हलकी तापवायची, म्हणजे ताण निघून जातो. बकल चकाकवायच्या पॉलिशला नाकात जाणारा जो वास असतो तो पुष्कळदा अमोनियाचाच. बकलचे काही बिघडत नाही, पण पुंगळ्या तसल्या पॉलिशने घासू नयेत असे जाणकार सांगतात.

हे वाचल्यावर मी आमच्या शाळेच्या संग्रहालयातल्या कपाटाकडे गेलो. तिथे .३०३ चे एक जुने, निकामी करून ठेवलेले काडतूस आहे. दारू काढून बाजूला भोक पाडलेले. बुडावर के आणि एफ ही अक्षरे आहेत, म्हणजे किर्की फॅक्टरी, आपल्या पुण्याजवळची खडकी. तो कारखाना १८६९ पासूनचा. इथे महाराष्ट्रापासून इतक्या लांब खडकीचे काडतूस बघून मला उगाचच बरे वाटले. वर्षाचे आकडे मात्र पुसट आहेत.

त्याच्या मानेला एक बारीक उभी चीर आहे. आम्ही सगळे धरून चाललो होतो, की गोळी उडताना ती पडली. पण गोळी अजून जागेवरच आहे. उस्तादांकडून कपाट उघडून घेतले आणि भिंगातून बूड पाहिले. प्रायमर गुळगुळीत आहे, पिनेची खूण नाही. हे काडतूस कधी उडालेच नाही. ते कुठल्यातरी पावसाळ्यात, बहुधा घोड्यांच्या शेजारी, नुसते पडल्या पडल्या चिरले.

उस्तादांनी भिंग माझ्याकडून घेतले, स्वतः बराच वेळ पाहिले आणि कपाटाला कुलूप लावण्याआधी काडतुसे मोजली. अकरा. मग माझ्या बाहीकडे बघितले.