पुणें ते नागपूर विमानमार्ग : अंतर आणि वेळ

मावळांतील गुलाब विमानानें नागपुरास धाडल्यास किती वेळांत पोहोंचतील, अशी पृच्छा कित्येक बागाईतदार बंधु करीत असतात. वेळापत्रक पाहिल्यास सव्वा ते दीड तास असें उत्तर मिळतें. परंतु तें उतारूसाठीं आहे, मालधन्यासाठीं नव्हे. हा भेद न जाणतां भाडें भरल्यास पैका व्यर्थ जाण्याचा संभव असतो. म्हणून ह्या विषयाचा थोडक्यांत खुलासा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम अंतर पाहूं. सांखळीनें मोजलेली सरळ रेषा आणि बांधाबांधानें जाणारी पायवाट ह्यांची लांबी एक नसते, हें महसुली दप्तरांत आयुष्य गेल्यामुळें आम्हांस चांगलें ठाऊक आहे. विमानाचें अंतर म्हणजे ती सरळ रेषा होय. पुण्याचा लोहगांव विमानतळ सुमारें १८ अंश ३५ कला अक्षांशावर व ७३ अंश ५५ कला रेखांशावर आहे. नागपूरचा सोनेगांव विमानतळ सुमारें २१ अंश ५ कला अक्षांशावर व ७९ अंश ३ कला रेखांशावर आहे. अक्षांशाचा एक अंश सुमारें १११ किलोमीटर, व रेखांशाचा एक अंश ह्या पट्ट्यांत सुमारें १०५ किलोमीटर भरतो. म्हणजे नागपूर पुण्याच्या उत्तरेस सुमारें २७८ व पूर्वेस सुमारें ५३९ किलोमीटर पडतें. काटकोन त्रिकोणाचा नियम लाविला म्हणजे सरळ अंतर सुमारें ६०६ किलोमीटर निघतें. मोटाररस्ता सातशें किलोमीटरांहून अधिक आहे. लोहमार्ग तर दौंड, मनमाड व भुसावळ असा वळसा घेऊन सुमारें ८९० किलोमीटर भरतो.

आतां वेळ. जेट विमान उंचावर ताशीं सुमारें ८०० किलोमीटर जातें. त्या हिशेबानें पाऊण तास पुरावा. परंतु वेळापत्रकांतील वेळ विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या ठिकाणीं थांबेपर्यंत धरितात. धांवपट्टीपर्यंत जाणें, वर चढणें, वेग कमी करून उतरणें हें सर्व त्यांत येतें. शिवाय हिंवाळ्यांत उंचावरील वारे पश्चिमेकडून पूर्वेस वाहतात. त्यामुळें जातांना कांहीं मिनिटें वांचतात व परततांना तितकीं अधिक लागतात.

शेतकऱ्याचा वेळ मात्र बागेंतच सुरू होतो. उदाहरणार्थ असा हिशेब धरूं : तोडणी, प्रतवारी व बांधणी २ तास; तळेगांवाहून लोहगांव दीड तास; नोंद, वजन व तपासणी ३ तास; उड्डाण दीड तास; माल ताब्यांत मिळण्यास १ तास; तेथून बाजार १ तास. एकूण १० तास. आकाशांतील वेळ ह्याचा सुमारें सातवा हिस्सा!

त्याहून महत्त्वाची गोष्ट लिलावाची. लिलाव पहाटे होत असेल व विमान दुपारीं उतरत असेल, तर फुलें दुसऱ्या पहाटेपर्यंत पडून राहतील. त्याच दुपारीं पुण्याहून निघालेला ट्रक सुमारें चौदा तासांत त्याच लिलावास पोहोंचूं शकतो. मग विमानाचें जादा भाडें कशासाठीं?

म्हणून भाडें ठरविण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या : माल स्वीकारण्याची शेवटची वेळ, उतरल्यावर तो हातीं मिळण्याची वेळ, आणि लिलावाची वेळ. लिलावापासून उलट मोजीत बागेपर्यंत यावें. हिशेब जमला तर प्रथम एक-दोन पेट्याच धाडून पाहाव्या. अनुभव आल्यावर पुढील माल पाठवावा.