धूम्रपानाचे पर्याय आणि घशाचा दाह : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

विडी किंवा सिगारेट सोडण्याचा निश्चय करणारी व्यक्ती पुष्कळदा तंबाखूपासून पूर्णपणे दूर जात नाही. ती तंबाखूचे केवळ रूप बदलते. महानगरांतील तरुण सिगारेटऐवजी ई-सिगारेट हाती घेतो, तर यवतमाळसारख्या जिल्ह्यातील शेतकरी किंवा मजूर विडीऐवजी खर्र्याकडे वळतो. दोघांचीही समजूत एकच असते, ती म्हणजे धूर थांबला की अपाय थांबला. मात्र थोड्याच काळात घसा खवखवणे, कोरडा पडणे, जळजळणे, खोकला येणे अशा तक्रारी सुरू होतात. या तक्रारींचा अर्थ दोन प्रकारे लावला जातो. काहींना ती शरीराची 'सफाई' वाटते, तर काहींना 'याहून विडी बरी होती' असे वाटून ते पुन्हा विडीकडे वळतात. हे दोन्ही निष्कर्ष घातक ठरू शकतात. प्रस्तुत लेखात या दाहाची कारणे आणि त्यातील साध्या व गंभीर लक्षणांमधील भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

यवतमाळ जिल्ह्याची पार्श्वभूमी

सोळा तालुक्यांचा यवतमाळ जिल्हा कापसासाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या वनक्षेत्रात विडी वळण्यासाठी लागणाऱ्या तेंदूपानांचे संकलनही होते. तथापि येथील तंबाखूसेवनाचे प्रमुख रूप धुराचे नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होते. त्यात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. विदर्भात या धूरविरहित प्रकारांत खर्र्याचे स्थान मोठे आहे. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून पानठेल्यावर तो तयार केला जातो. राज्यात २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी आली. परंतु खर्रा हा कारखान्यात बनणारा पदार्थ नसल्याने तो ठेल्याठेल्यावर, ग्राहकासमोरच घोटला जातो आणि त्यावर नियंत्रण ठेवणे कठीण जाते.

ई-सिगारेट आणि घशाचा दाह

आधुनिक ई-सिगारेट २००३ च्या सुमारास चीनमधील औषधनिर्माता होन लिक याने विकसित केली. या उपकरणात तंबाखू जळत नाही. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन व सुवासिक द्रव्ये यांचे मिश्रण विजेरीवर तापणाऱ्या तारेने तापविले जाते आणि त्यातून निर्माण होणारे तुषारयुक्त बाष्प वापरणारा आत ओढतो.

यातून होणाऱ्या घशाच्या दाहाची कारणे मुख्यतः चार आहेत. पहिले कारण म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन ही दोन्ही द्रव्ये पाणी शोषून घेणारी आहेत. त्यामुळे घशाच्या श्लेष्मल त्वचेवरील ओलावा कमी होऊन कोरडेपणा जाणवतो. दुसरे कारण निकोटीनचे. मुक्त अवस्थेतील निकोटीन अल्कधर्मी असून घशातील वेदनावाहक चेतातंतूंना ते थेट उत्तेजित करते. निकोटीनची मात्रा वाढते तसा घशातील झणका वाढतो. निकोटीनचे क्षाररूप वापरल्यास हा झणका सौम्य होतो, परंतु त्यामुळेच अधिक निकोटीन सहजपणे ओढले जाते. तिसरे कारण सुवासिक द्रव्यांचे. दालचिनीच्या स्वादासाठी वापरले जाणारे सिनामाल्डिहाइड दाहकारक आहे. मेंथॉल थंडाव्याचा भास निर्माण करून दाह झाकून टाकते. चौथे कारण अतितापाचे. द्रव संपत आला असताना तार तापत राहिल्यास फॉर्माल्डिहाइड व अॅक्रोलीन यांसारखी तीव्र दाहकारक संयुगे निर्माण होतात.

धूम्रपान सोडण्यासाठी ई-सिगारेट वापरणाऱ्यांच्या अभ्यासांतही घसा व तोंडाचा दाह, खोकला, डोकेदुखी आणि मळमळ ही सर्वाधिक नोंदली गेलेली लक्षणे आहेत. अनेकांमध्ये ती कालांतराने कमी होतात. मात्र लक्षण कमी होणे म्हणजे अपाय संपणे नव्हे. २०१९ मध्ये अमेरिकेत अशा उपकरणांच्या वापरातून फुफ्फुसांच्या तीव्र इजेची साथ उद्भवली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०० हून अधिक रुग्णांना रुग्णालयात दाखल करावे लागले व ६८ जण मृत्युमुखी पडले. त्या साथीचा मुख्य संबंध गांजातील घटक असलेल्या द्रवात मिसळलेल्या ई जीवनसत्त्वाच्या अॅसिटेटशी आढळला. द्रवात नेमके काय आहे हे वापरणाऱ्यास कळत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांवर बंदी घालण्यात आली. उत्पादन, विक्री वा जाहिरातीच्या पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी शिक्षा आहे. त्यामुळे देशात जे उपकरण मिळते ते चोरट्या मार्गाने आलेले असते आणि त्याच्या दर्जाची कोणतीही हमी नसते.

धूम्रपान थांबल्यानंतरचे बदल

दाहाचे प्रत्येक लक्षण पर्यायी पदार्थामुळेच उद्भवते असे नाही. श्वासमार्गाच्या आतील अस्तरावर सूक्ष्म रोमिका असतात. धूळ व कफ घशाकडे ढकलणे हे त्यांचे कार्य होय. धुरामुळे त्या दुर्बल होतात. धूर थांबल्यावर त्या पुन्हा कार्यक्षम होऊ लागतात व साचलेला कफ वर येऊ लागतो. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत खोकला व घशाची खवखव वाढल्यासारखी वाटते. काहींना तोंडात लहान व्रणही येतात. 'सफाई'च्या लोकसमजुतीत तथ्यांश आहे तो एवढाच. हे लक्षण आठवड्यागणिक उतरणीला लागले पाहिजे. ते वाढत गेल्यास त्याचे कारण अन्यत्र शोधावे लागते.

खर्रा : धुराविना दाह

ई-सिगारेट व खर्रा यांत वरकरणी काहीही साम्य नाही, परंतु दोहोंमागील निकोटीनचे रसायन एकच आहे. खर्र्यातील चुना मिश्रण अल्कधर्मी करतो. त्यामुळे निकोटीन मुक्त अवस्थेत येऊन तोंडाच्या अस्तरातून वेगाने शोषले जाते. तोच चुना अस्तराला इजाही करतो.

खर्र्यातील दुसरा घटक सुपारी अधिक चिंताजनक आहे. तिच्यातील अॅरेकोलीन व तांबे यांच्या प्रभावाने श्लेष्मल त्वचेखाली कोलॅजनचे तंतू साचत जातात. यास मुखाचा अधःश्लेष्मल तंतुमयता विकार म्हणतात. तिखट पदार्थ खाताना होणारी जळजळ हे त्याचे आरंभीचे लक्षण होय. पुढे गालाची त्वचा पांढुरकी व ताठ होते, तोंड कमी उघडू लागते आणि विकार घशाकडे सरकल्यास गिळणे कठीण होते. हा विकार कर्करोगपूर्व स्वरूपाचा असून तयार झालेले तंतू सहसा पूर्ववत होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूविना खाल्लेली सुपारीही मानवात कर्करोगकारक ठरविली आहे. यावरून विडी सोडून खर्रा धरणे ही सुटका नसून एका धोक्याच्या जागी दुसरा धोका पत्करणे होय, हे स्पष्ट होते.

दाहाची अन्य स्थानिक कारणे

यवतमाळमध्ये घशाच्या तक्रारीचा विचार करताना रुग्णाचा व्यवसाय विचारात घेणे आवश्यक ठरते. २०१७ च्या हंगामात कापसावर कीटकनाशकांची फवारणी करताना जिल्ह्यात शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि काहींचा मृत्यू झाला. फवारणीचे तुषार, जिनिंगमधील कापसाची धूळ, वणी परिसरातील कोळशाची धूळ, चुलीचा धूर यांपैकी प्रत्येक घटक घशाला दाह करू शकतो. तंबाखूसेवन आणि अशी धूळ एकत्र आल्यास कारण ओळखणे अवघड होते. फवारणीच्या दिवसांत घशाच्या जळजळीसोबत घाम, लाळ, उलटी, अंधुक दिसणे किंवा धाप लागणे ही लक्षणे आढळल्यास ती विषबाधा समजून रुग्णास तत्काळ रुग्णालयात नेणे आवश्यक आहे.

धोक्याची लक्षणे व उपाय

तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला आवाज, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, तोंडातील पांढरा किंवा लाल चट्टा, गिळताना अडथळा, मानेतील गाठ, थुंकीतून रक्त, एकाच बाजूचा कानदुखीचा त्रास किंवा तोंड कमी उघडणे यांपैकी एकही लक्षण आढळल्यास तपासणी लांबवू नये. तंबाखू सोडली आहे म्हणून ती अनावश्यक ठरते असे मानणे चुकीचे आहे, कारण आधीच्या अनेक वर्षांचा परिणाम नंतरही प्रकट होऊ शकतो.

तलफ आटोक्यात ठेवण्यासाठी वैद्यकीय सल्ल्याने निकोटीनचा गम वापरता येतो. मात्र तो खर्र्यासारखा सतत चघळल्यास निकोटीन लाळेबरोबर गिळले जाऊन घसा जळजळतो व उचकी येते. तो थोडा चावून गाल व हिरडी यांमध्ये ठेवावा आणि त्याआधी पंधरा मिनिटे चहा टाळावा, कारण आम्लधर्मी पेयांमुळे शोषण कमी होते. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर मार्गदर्शन करते.

निष्कर्ष

धूम्रपानाचा पर्याय स्वीकारल्यानंतर होणारा घशाचा दाह हा एकाच कारणाचा परिणाम नसतो. धूर थांबल्यावरचा तात्पुरता बदल, नव्या पदार्थाची इजा, व्यवसायातील धूळ वा विष आणि दडलेला गंभीर विकार या चारही शक्यता त्यामागे असू शकतात. कालावधी व सोबतची लक्षणे यांवरून त्यांत भेद करता येतो. दाह झाला म्हणून विडीकडे परतणे जितके अयोग्य, तितकेच तो अंगवळणी पडला म्हणून निश्चिंत होणेही अयोग्य होय. यवतमाळसारख्या जिल्ह्यात तंबाखूमुक्तीचे प्रबोधन केवळ धुरापुरते मर्यादित राहिल्यास विडी सुटेल, पण खर्रा राहील. म्हणून तंबाखूचे रूप बदलणे आणि तंबाखू सोडणे यांतील अंतर शाळा, ग्रामसभा व प्राथमिक आरोग्य केंद्रे यांच्या पातळीवर समजावून देणे ही आजची गरज आहे.