टाका लहान घे

अकरा वाजून गेलेत आणि गोधडीपाशी आम्ही दोघीच आहोत. पुण्यातल्या एका जुन्या वाड्याचा चौक. फरशीवर चटया, चटयांवर दुमडून अंथरलेली दोन नऊवारी लुगडी, कडा कच्च्या टाक्यांनी धरून ठेवलेल्या. ताटात सुया, रिळं, कात्र्या. दारावर पाटी आहे : ‘जुनं सुती कापड आणा. ते स्वतः शिवू नका. शेजारी बसेल त्या अनोळखी माणसाला द्या, त्याचं तुम्ही घ्या.’ एवढाच या परफॉर्मन्सचा नियम.

मदतीला आलेली कला शाखेची मुलगी दाराकडे बघते. “ताई, लोक आलेच नाहीत तर?”

“मग आज दोन जुनी लुगडी बघायची आणि घरी जायचं.”

वाट बघता बघता ती मारिना अब्रामोविचचा विषय काढते. 2010 साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ही बाई अडीच महिने, संग्रहालय उघडं असेल तेवढा वेळ, खुर्चीत गप्प बसून राहिली. समोरच्या खुर्चीत कुणीही यावं, हवं तितकं तिच्याकडे बघावं. मधलं टेबलसुद्धा तिनं पुढे काढून टाकलं. “आपण तसं का नाही केलं?”

केलं होतं. याच चौकात मी दोन खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या गृहस्थांनी अर्ध्या मिनिटात विचारलं, “काही काम होतं का?” दुसऱ्या बाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. आपल्याकडे डोळ्याला डोळा भिडतो तो भांडणात. मुलगी बघायच्या कार्यक्रमातसुद्धा मान खालीच असते.

मग मला ली मिंगवेई आठवला. मूळचा तैवानचा. त्याच्या 2009च्या एका कामात भिंतभर रंगीत दोऱ्यांची रिळं असतात. प्रेक्षक फाटका कपडा आणतो, समोर बसून तो शिवून घेतो, गप्पा होतात. शिवून झालं तरी दोरा तोडत नाहीत. कपड्यापासून भिंतीवरच्या रिळापर्यंत तो तसाच राहतो. तिथं सुई यजमानाच्या हातात असते. माझ्या आजोळी मात्र गोधडी एकट्या बाईनं शिवलेली मी पाहिली नाही. म्हणून सुया ताटात ठेवल्यात.

साडेअकराला एक काका येतात. पिशवीत इस्त्री केलेला निळा शर्ट. मागोमाग हॉस्टेलवरचा एक मुलगा, हातात उशीचा अभ्रा. मग वाईकडच्या एक आजी, बोचकं काखेत. त्यांनी जन्मभर गोधड्या शिवल्यात. पाटी वाचायच्या भानगडीत न पडता त्या थेट कडेला मांडी घालतात.

मुलगा शर्टाला कात्री लावतो.

“खिसा कापू नकोस,” काका घाईनं म्हणतात.

“का?”

“मुलगा लहान होता. मी ऑफिसातून आलो की आधी खिशात हात घालायचा. गोळी असायची.”

मुलगा खिशाभोवतीनं कापतो आणि खिसा तोंड उघडं ठेवून तसाच गोधडीवर बसवतो. “आता कुठे असतो?”

“मेलबर्नला. रविवारी फोन करतो.”

अभ्रा काकांच्या मांडीवर आहे. दोरा सुईत जात नाही. चष्मा वर, चष्मा खाली. शेवटी ते सुई पुढे करतात. “ओवून दे रे.” मुलगा दोरा ओठात ओला करतो, ओवून देतो आणि पुन्हा आपल्या खिशाकडे वळतो. दोघांनी अजून एकमेकांचं नाव विचारलेलं नाही.

आजी मुलाचं काम बघतात. “आरं, येवढा लांब टाका? रातच्याला पायाचं बोट अडकंल त्यात. टाका लहान घे.” तो मुकाट्यानं उसवतो.

दोनपर्यंत अकरा जण जमतात. मी गप्पच आहे. दोरा संपला की देते, एवढंच. मुलगी फोटो काढायला फोन उचलते; आजी तिच्या त्याच हातात सुई देतात.

आणि एक गोष्ट माझ्या आत्ता लक्षात येते. आजींनी शिवण कडेनं सुरू करून दिली आहे. टाके फेऱ्याफेऱ्यानं आत सरकतायत, तशी माणसंही गोधडीवर आत सरकतायत. आली तेव्हा एकमेकांपासून दोन हातांवर बसलेली माणसं चारच्या सुमाराला गुडघ्याला गुडघा लावून बसलीयत. कुणी कुणाकडे बघत नाही. माना खाली, बोलणं चालू. सासूचं दुखणं, हॉस्टेलची मेस, सुटलेली नोकरी. हे मी योजलेलं नव्हतं. गोधडी शिवायची रीतच ही.

साडेपाचला काकांचा फोन वाजतो. उजव्या हातात सुई आहे, म्हणून ते डाव्या हातानं तो कानाला लावतात.

“हां, बोल... गोधडी शिवतोय... नाही रे, कुणाकडून नाही. मी. मी शिवतोय.”

मुलगा खाली बघत हसतो आणि काकांचा दोरा अडकू नये म्हणून बाजूला धरतो.

अंधार पडेपर्यंत मधला वीतभर तुकडा कोराच राहतो. पुढच्या रविवारी अकरा वाजता पुन्हा बसणार आहोत. सुया आहेत, दोरा आहे. येताना फक्त सुती कापड आणा, धुतलेलं. आणि ते दुसऱ्याच्या हाती द्यायची तयारी ठेवा.