स्वतः खेळणं थांबवा, टीम खेळवा! चंद्रकांत पंडित यांच्या करिअरमधून छोट्या उद्योजकाने काय घ्यावं?



या आठवड्याच्या व्हिडिओचा विषय होता, "पहिला कामगार ठेवल्यावर मालकाने काय करायचं?" व्हिडिओत एका माणसाचं नाव घेतलं आणि वेळ संपला. म्हणून आज तोच विषय इथे नीट लिहितोय. चहा घेऊन बसा, दहा मिनिटं लागतील.

आधी माझी चूक सांगतो.

चिखली रोडला माझं फॅब्रिकेशनचं छोटं दुकान होतं. गेट, ग्रील, शटर, जिन्याचं रेलिंग. हाताखाली दोन पोरं होती, पण वेल्डिंग मीच करायचो. माप मीच घ्यायचो, ग्राहकाशी मीच बोलायचो. लोक म्हणायचे, "भाऊंच्या हातचं काम म्हणजे काम!" ऐकून छाती फुगायची. मग एका दिवाळीच्या तोंडावर टायफॉईड झाला. २१ दिवस अंथरुणात. २१ दिवस शटर खाली. अॅडव्हान्स घेतलेली कामं ग्राहकांनी दुसरीकडे नेली. बरा झाल्यावर मी पोरांवर ओरडलो, "तुम्हाला एक गेट जोडता येत नाही का रे?" त्यातला एक खाली बघून म्हणाला, "भाऊ, तुमी कधी मले करूच नाई देलं."

मित्रांनो, ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. मी दुकानाचा मालक नव्हतोच. मी दुकानातला सगळ्यात महागडा कामगार होतो.

आता त्या माणसाकडे येऊ.

खेळाडू म्हणून किती मोठे?

चंद्रकांत पंडित. मुंबईचे, आचरेकर सरांच्या तालमीत तयार झालेले विकेटकीपर-बॅट्समन. १९८६ मध्ये भारताकडून पहिली कसोटी खेळले. १९८७ च्या विश्वचषकात मुंबईत इंग्लंडविरुद्धची सेमीफायनलही खेळले. पण त्या काळात किरण मोरे टीममध्ये पक्के होते. पंडितांच्या वाट्याला एकूण ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने आले. १९९२ नंतर भारतीय संघाचं दार बंद झालं.

म्हणजे खेळाडू म्हणून चांगले, पण ज्यांचे पोस्टर पोरं घरात लावतात, त्यातले नाहीत.

पुढे ते मध्य प्रदेशकडून खेळायला गेले, कर्णधार झाले. १९९८-९९ च्या हंगामात टीम रणजीच्या फायनलला पोहोचली. बंगळुरूचं चिन्नास्वामी स्टेडियम, समोर कर्नाटक. पहिल्या डावात मध्य प्रदेशने आघाडी घेतली होती. शेवटच्या दिवशी सामना हातातून गेला. ट्रॉफी कर्नाटकने नेली.

इथे बहुतेकांची गोष्ट संपते. "आपलं नशीबच नव्हतं" म्हणायचं आणि गप्प बसायचं.

बॅट ठेवली, मग काय झालं?

निवृत्तीनंतर ते कोच झाले. २००२-०३ आणि २००३-०४ अशी सलग दोन वर्षं मुंबईने त्यांच्या हाताखाली रणजी जिंकली. २०१५-१६ ला पुन्हा जिंकली. पुढच्याच वर्षी मुंबई फायनलमध्ये गुजरातकडून हरली आणि पंडितांचं काम गेलं. आदल्या वर्षीचा विजेता, यंदाचा उपविजेता, आणि तरी घरी! ज्यांचा एखादा मोठा ग्राहक एका चुकीवर तुटलाय, त्यांना हे बरोबर कळेल.

मग ते आले विदर्भात. आपल्या विदर्भात!

विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय. ६० वर्षांत एकदाही फायनल नाही. आपल्याकडे बोलायची पद्धत माहितीच आहे: "ते मुंबई-पुण्यावाल्यांचं काम, आपल्याकडं काय व्हते?" बुलडाण्यात दुकान टाकणारा प्रत्येक जण हे वाक्य ऐकूनच दुकान टाकतो.

पंडित सरांनी टीम बदलली नाही. वसीम जाफरसारखा अनुभवी माणूस टीममध्ये होता, कर्णधार फैज फझल विदर्भाचाच होता, बाकी बहुतेक इथलीच पोरं. २०१७-१८ ची सेमीफायनल कोलकात्याला, समोर कर्नाटक. विदर्भ ५ धावांनी जिंकला. दुसऱ्या डावात ७ विकेट घेतल्या रजनीश गुरबाणीने, जो शिक्षणाने इंजिनिअर. मग इंदूरला फायनल, समोर दिल्ली. गुरबाणीची हॅटट्रिक, अक्षय वाडकरचं शतक, आणि १ जानेवारी २०१८ ला विदर्भ ९ विकेटने जिंकला. पुढच्या वर्षी नागपूरला सौराष्ट्रला हरवून ट्रॉफी परत घरीच ठेवली. तेव्हा फायनलमध्ये आदित्य सरवटेने ११ विकेट घेतल्या.

बघा, दोन्ही वर्षांत पंडित सरांनी एक बॉल टाकला नाही, एक रन काढला नाही. बॅट हातात असताना जे झालं नव्हतं, ते बॅट खाली ठेवल्यावर झालं.

२३ वर्षांनी तेच मैदान

२०२० मध्ये ते मध्य प्रदेशचे कोच झाले. जून २०२२ मध्ये मध्य प्रदेश रणजीच्या फायनलला. मैदान? तेच चिन्नास्वामी. समोर मुंबई, जिथे ते वाढले आणि जिथून त्यांना जावं लागलं होतं. यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांनी शतकं केली. मध्य प्रदेश ६ विकेटने जिंकला, राज्याची पहिली रणजी ट्रॉफी. त्या दिवशी पंडित सर मैदानावर रडले. ही कोच म्हणून त्यांची सहावी रणजी.

कर्णधार असताना जी ट्रॉफी हातातून निसटली, ती त्यांनी दुसऱ्यांच्या हातांनी उचलली.

कोरियातही हेच

हे फक्त क्रिकेटचं नाही. दक्षिण कोरियाचा ह्वांग सन-होंग हा फुटबॉलचा स्ट्रायकर, देशासाठी ५० गोल. २००२ च्या विश्वचषकात पोलंडविरुद्ध पहिला गोल त्याचाच, आणि कोरियाचा विश्वचषकातला तो पहिला विजय. पण कोच झाल्यावर बुसान क्लबमध्ये तीन वर्षांत एकही ट्रॉफी नाही. इतका मोठा खेळाडू, तरी कोचचं काम नव्याने शिकावं लागलं. मग पोहांग स्टीलर्समध्ये २०१३ साली त्याच्याकडे एकही विदेशी खेळाडू नव्हता. बाकीचे क्लब बाहेरून स्टार आणत होते, याने होती तीच कोरियन पोरं खेळवली. लीगच्या शेवटच्या सामन्यात, जादा वेळेत पडलेल्या गोलवर लीग जिंकली. त्याच वर्षी एफए कपही!

"चांगली माणसं मिळत नाहीत" म्हणणाऱ्यांनी हे वाचून ठेवा.

तर मग आपण काय करायचं?

एक. प्रत्येकाचं काम ठरवून द्या. गुरबाणीने विकेट घ्यायच्या, वाडकरने टिकायचं. दुकानात "तू पण कर, तो पण करेल" असं चालू असेल, तर शेवटी ते काम तुमच्याच गळ्यात पडतं. शेगावला कचोरीचा गाडा असेल, तर कणीक मळणारा, तळणारा आणि गल्ल्यावर बसणारा कोण, हे भिंतीवर लिहा.

दोन. पहिली दहा कामं वाईट होणार, हे धरून चाला. पोराने जोडलेलं पहिलं ग्रील वाकडं येणारच. ते तुमचं ट्रेनिंगचं भांडवल आहे. भंगारात गेलेलं लोखंड महिन्याच्या खर्चात धरा. २१ दिवस बंद दुकानापेक्षा ते स्वस्त पडतं.

तीन. शिस्त ठेवा, पण माणूस बघून. पंडित सर कडक म्हणून ओळखले जातात. विदर्भात, मध्य प्रदेशात ते चाललं. पुढे आयपीएलमध्ये कोलकात्याचे कोच झाल्यावर काही विदेशी खेळाडूंना ती पद्धत जड गेली, अशा बातम्या आल्या. २०२४ ला कोलकाता आयपीएल जिंकली, २०२५ ला टीम खाली घसरली आणि त्यांचा करार तिथेच संपला. म्हणजे सहा रणजी जिंकलेल्या माणसाचीही एकच पद्धत सगळीकडे लागू पडत नाही. अठरा वर्षांचा हेल्पर आणि पन्नाशीचा मिस्त्री, दोघांना एकाच आवाजात बोलू नका.

चार. हिशोब करून बघा. समजा कारागिराची रोजी ८०० रुपये. तुम्ही स्वतः वेल्डिंग करून रोज ८०० वाचवता. पण त्या दिवशी साईटवर माप घ्यायला गेला नाहीत, म्हणून ४० हजारांचं काम गेलं. काय वाचलं?

या आठवड्याचा गृहपाठ

एक वही घ्या. दुकानातली फक्त तुम्हालाच येणारी कामं लिहा. त्यातलं एक निवडा आणि सोमवारपासून दुसऱ्याला शिकवा. तुम्ही बाजूला उभे राहा, हात मागे बांधून. हो, अक्षरशः मागे बांधून, कारण हात आपोआप पुढे जातो. मला आजही आवरावा लागतो.

महिनाभराने दोन दिवस गावाला जा. लग्न असो, शेगावची वारी असो, काहीही कारण काढा. परत आल्यावर शटर वर दिसलं, तर समजा तुम्ही कोच झालात.

आणि त्या पोराचं काय झालं, असं व्हिडिओखाली बरेच जण विचारतात. आज मेहकरला त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे. मागच्या महिन्यात गेलो होतो. तो टेबलावर बसून कोटेशन लिहीत होता आणि मागे दुसरं एक पोरगं वेल्डिंग करत होतं. मी विचारलं, "तू नाही करत?" तो हसला. म्हणाला, "नाई भाऊ. त्याले करू देतो."

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही भरत राहा!