मोटर-सायकलवरील विजेचा संसार

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींना नवल वाटेल. निवृत्त शाळामास्तरानें व्याकरणावर बोलावें, फार तर मुलांच्या शिस्तीवर. त्याला मोटर-सायकलच्या तारांशीं काय कर्तव्य? परंतु सुटी लागली कीं घरोघरची तरुण मंडळी मोटर-सायकलीवर सामान बांधून कोणी गोव्याला, कोणी थेट लडाखला निघतात. निघण्यापूर्वीं गाडीला जादा दिवे, मोबाईल भारण्याचें साधन, मार्ग दाखविणारें यंत्र, मोठा भोंगा, थंडींत हात ऊबदार ठेवणाऱ्या मुठी, अशीं नाना उपकरणें जोडून घेतात. वडील मंडळी पैसे देतात. पण तीं उपकरणें जोडलीं कशीं, याची चौकशी कोणी करीत नाहीं. मींही केली नव्हती.

कांहीं वर्षांपूर्वीं ऐन आषाढांत मी पुतण्याच्या मागें बसून कऱ्हाडहून चिपळुणास निघालों होतों. धुक्यांत नीट दिसावें म्हणून त्यानें ५५ वॉटचे दोन जादा दिवे रस्त्यावरच्या एका दुकानांत बसवून घेतले होते. पैसे मींच दिले होते. कुंभार्ली घाटांत, रात्रीं, भर पावसांत प्रथम रबर जळाल्याचा वास आला, मग टांकीखालून धूर निघाला आणि क्षणार्धांत सर्व दिवे विझून इंजिन बंद पडलें. वळणावर आम्ही दोघे काळोखांत उभे, आणि मागून मोठ्या गाड्या येत असलेल्या! हातांतल्या विजेरीनें इशारा करीत आम्हीं गाडी कडेला ओढली. एका मालट्रकच्या चालकानें आम्हांस गाडीसह चिपळुणास पोंचविलें, म्हणून निभावलें.

सकाळीं कारागिरानें टांकी उतरविली तेव्हां उलगडा झाला. बॅटरीपासून दिव्यांकडे जाणारी तार हँडल जेथें वळतें तेथें घासून उघडी पडली होती व सांगाड्यास टेंकली होती. वाटेंत फ्यूज मुळींच नव्हता. तार तापून लाल झाली आणि शेजारच्या सर्व तारांना घेऊन गेली. पुतण्या माझाच विद्यार्थी. विजेच्या प्रवाहाचा नियम त्याला मींच फळ्यावर लिहून दिला होता. त्याला शंभरांपैकीं गुण चांगले पडले. पण त्या नियमाचा आपल्या गाडीशीं संबंध आहे, हें ना त्याच्या ध्यानांत आलें, ना माझ्या. आजचें भाषण ही त्या चुकीची भरपाई समजा.

प्रथम जमाखर्च पाहूं. मोटर-सायकलवर इंजिनाबरोबर फिरणारें जनित्र हें मिळकतीचें साधन, आणि बॅटरी ही गांठची शिल्लक. समजा, मध्यम आकाराच्या एखाद्या गाडीचें जनित्र जास्तींत जास्त २२० वॉट वीज देतें. पुढचा दिवा जुन्या धर्तीचा असेल तर तो ५५ ते ६० वॉट खातो. आपल्या देशांत १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढील दिवा इंजिन चालू असतांना दिवसाही तेवत राहतो, तेव्हां हा खर्च अटळ आहे. पेट्रोलचा पंप, इंजिनांतील ठिणगी, मागील दिवे, ब्रेकचें नियंत्रण यांना मिळून आणखी ८० वॉट धरूं. शिल्लक राहिले ८०. आतां आपण जोडणार काय? २० वॉटचे दोन एलईडी दिवे म्हणजे ४०, तापणाऱ्या मुठी ३६, मोबाईलसाठीं १५. बेरीज झाली ९१. अकरा वॉटांची तूट आली! शिवाय २२० वॉटांची मिळकत इंजिन जोरानें फिरत असतांनाची आहे. घाटांतल्या संथ चढणीवर व शहराच्या गर्दींत ती बरीच घटते. पुतण्याचे दोन दिवेच ११० वॉटचे होते, हें लक्षांत घ्या.

ही तूट बॅटरी भरून काढते, पण ती कोठवर? पूर्वींची गाडी बॅटरी बसली तरी किक मारून सुरू होत असे. आतांच्या बहुतेक गाड्यांत पेट्रोल इंजिनांत सोडणें हेंच विजेवर चालणाऱ्या पंपाचें काम आहे. वीज नाहीं तर पेट्रोल नाहीं, आणि पेट्रोल नाहीं तर चाक नाहीं. लडाखच्या थंडींत बॅटरीची धारणाशक्ति आणखी कमी होते. म्हणून कोणतेंही उपकरण घेण्यापूर्वीं त्याचे वॉट कागदावर मांडावे, आणि सर्वच एका वेळीं चालवावयाचीं नाहींत असा नेम ठेवावा.

दुसरी गोष्ट तारेच्या जाडीची. जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकानें १८२७ मध्यें आपला नियम प्रसिद्ध केला. तोही शाळामास्तरच होता, याचा मला अभिमान वाटतो. ५५ वॉटच्या दोन दिव्यांना बारा व्होल्टवर सुमारें ९ अँपिअर प्रवाह लागतो. जाणारी व परतणारी मिळून चार मीटर तार धरली आणि ती अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची असली, तर सुमारें सव्वा व्होल्ट वाटेंतच खर्च होतो. अडीच चौरस मिलिमीटरची तार घातली तर केवळ पाव व्होल्ट. सव्वा व्होल्ट म्हणजे थोडेंच, असें वाटेल. पण हॅलोजनचा दिवा मोठा मानी आहे. त्याचा दाब एक-दशांश कमी झाला कीं प्रकाश जवळजवळ तीन-दशांश घटतो. बारीक तारेनें दिवा मंद होतो आणि तार तापते, असा दुहेरी तोटा होतो.

तिसरी गोष्ट फ्यूजची. फ्यूज उपकरणाचें रक्षण करतो, असा बहुतेकांचा समज असतो. वस्तुतः तो तारेचें रक्षण करतो, आणि तारेमार्फत गाडीचें. तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणें वाढते. दहा अँपिअरच्या जागीं शंभर वाहूं लागले कीं उष्णता दहापट होत नाहीं, शंभरपट होते. आणि इंजिन फिरवूं शकणारी बॅटरी शंभर अँपिअर सहज सोडते. म्हणून फ्यूजची जागा दिव्यापाशीं नव्हे, बॅटरीपाशीं. फार तर वीतभर अंतरावर. तो दिव्यापाशीं बसविला तर मधली सारी तार उघड्यावर राहते. आमची तार मध्येंच घासली होती. फ्यूज असता, पण दिव्यापाशीं असता, तरी ती जळालीच असती. फ्यूजचा आंकडा उपकरणाच्या गरजेहून किंचित् अधिक आणि तारेला सोसेल त्याहून कमी असावा. बाजारांत मिळणाऱ्या पात्यांच्या फ्यूजांत दहा अँपिअरचा लाल, पंधराचा निळा व वीसचा पिवळा असतो. लाल वारंवार जातो म्हणून पिवळा बसविणें हें तापाची औषधें सोडून तापमापक फोडण्यासारखें आहे.

चौथी गोष्ट रिलेची. आमच्याकडे कालव्यावर पाटकरी असतो. त्याला चिठ्ठी मिळाली कीं तो दार उघडतो आणि पाटाचें पाणी शेतांत जातें. चिठ्ठीतून कांहीं पाणी वाहत नाहीं. रिले हा विजेचा पाटकरी होय. हँडलवरच्या नाजूक स्विचांतून त्याला अँपिअरच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतका प्रवाह मिळतो. त्यानें आंतील लोहचुंबक जागा होतो आणि बॅटरीहून दिव्याकडे जाणारी जाड वाट तो जोडून देतो. त्याच्या टोकांवर आंकडे असतात: ८५ व ८६ हीं चिठ्ठीचीं टोकें, ३० वर बॅटरीची तार, ८७ वरून दिव्याकडे. चिठ्ठीची तार गाडीच्या किल्लीनें चालू-बंद होणाऱ्या वाटेवरून घ्यावी. म्हणजे किल्ली काढली कीं सर्व उपकरणें आपोआप निजतात. अन्यथा काय होतें? वीस मिलिअँपिअर खाणारें एखादें क्षुद्र यंत्र रात्रंदिवस चालू राहिलें तर दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-तास गिळतें. आठ अँपिअर-तासांची बॅटरी आठ दिवसांत निम्मी होते, आणि गाडी कोणी हातही न लावतां बंद पडते!

जोडणीच्या बारीक गोष्टी थोडक्यांत सांगतों. काम सुरू करतांना बॅटरीची ऋण तार प्रथम सोडावी व शेवटीं जोडावी. गाडीचा सांगाडा ऋण टोंकाला जोडलेला असतो. ती तार सुटलेली असली म्हणजे पाना चुकून धन टोंक व सांगाडा यांना एकदम लागला तरी ठिणगी पडत नाहीं. परतीचा प्रवाह सांगाड्यावर सोडूं नये, काळी तार थेट बॅटरीपर्यंत न्यावी. हँडलच्या सांध्यांतील वंगण व गंज ही भरंवशाची वाट नव्हे. सांधे केवळ पिळून चिकटपट्टी गुंडाळलेले नसावे. योग्य टोंपणें हत्यारानें दाबून बसवावीं. हँडलजवळ तारेला ढील ठेवावी, वर नळी चढवावी, आणि हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून ती ताणत वा घासत नाहीं ना, तें पाहावें. महागड्या नव्या गाड्यांत निरनिराळे संगणक दोनच तारांवरून एकमेकांशीं बोलतात. बॉश कंपनीनें १९८६ मध्यें पुढें आणलेली ही पद्धति आहे. तेथें मूळच्या तारा कापून जोड देऊं नये. संगणकास तो बिघाड वाटतो.

हें सारें काम प्रत्येकानें स्वतः करावें, असें माझें म्हणणें नाहीं. पण कारागिराला चार प्रश्न अवश्य विचारावे: एकंदर वॉट किती झाले? फ्यूज कोठें आहे? तार किती जाडीची? आणि किल्ली काढल्यावर काय काय चालू राहतें? चांगला कारागीर या प्रश्नांनीं रागावत नाहीं, उलट आनंदानें टांकी उचलून दाखवितो. जो रागावेल त्याच्याकडून गाडी परत न्यावी.

गेल्या वर्षीं पुतण्या मित्रांसह मनालीहून लेहला गेला. निघण्याच्या आदल्या सायंकाळीं त्यानें गाडी अंगणांत उभी केली, आसन काढलें, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावरचा लाल फ्यूज मला दाखविला. मीं परीक्षेंत दिलेल्या गुणांपेक्षां तो फ्यूज मला अधिक मोलाचा वाटला. आपल्याही घरचें कोणी अशा प्रवासास निघणार असेल, तर दहीसाखर हातावर ठेवण्यापूर्वीं हे चार प्रश्न विचारावे, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.