शिकागो : ऊब भाड्यात धरून

शिकागोत नव्याने आलेला आपला माणूस पहिल्यांदा अडखळतो तो दुकानाच्या काउंटरवर. शर्टावर चिठ्ठी १०० डॉलरची आणि बिल ११० डॉलर २५ सेंटचे! 'सर्व करांसह' छापलेल्या किमतीची सवय असलेल्याला यात काहीतरी घोटाळा वाटतो. घोटाळा काही नाही. इथला विक्रीकर सव्वादहा टक्के आहे आणि तो चिठ्ठीवर लिहायची पद्धत नाही. किराण्याला दर बराच कमी, एवढाच दिलासा. डेट्रॉइट किंवा क्लीव्हलँडसारखा शहराचा वेगळा प्राप्तिकरही इथे नाही.

तरीही सुमारे २७ लाख वस्तीचे, अमेरिकेतले तिसऱ्या क्रमांकाचे हे शहर परवडणारे म्हणून ओळखले जाते, ते घरभाड्यामुळे. मॅनहॅटनमध्ये एका बेडरूमला जेवढे मोजावे लागतात, तेवढ्यात इथे दोन बेडरूमचे बरे घर मिळते. घर बहुधा 'थ्री-फ्लॅट'मधले. म्हणजे विटांची अरुंद इमारत, मजल्यावर एक बिऱ्हाड, मागे लाकडी जिना. घर शोधताना विचारायचे ते एवढेच, की हीटिंग भाड्यात धरले आहे का. ते मालकाकडे असेल तर शहराच्या नियमानुसार १५ सप्टेंबर ते १ जून त्याने दिवसा किमान ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले २० अंश, आणि रात्री ६६ अंश राखलेच पाहिजेत. जुन्या इमारतीतला लोखंडी रेडिएटर मग फुसफुसत, मध्येच ठणठण करत इतका तापतो, की बाहेर उणे १५ असताना लोक खिडकी बोटभर उघडी ठेवून झोपतात. रेडिएटरवर ओले हातमोजे वाळत पडलेले असतात. गॅसचे बिल भाडेकरूच्या नावावर असेल, तिथे भाडे कमी दिसते आणि फेब्रुवारीत सगळे वसूल होते.

'गार्डन अपार्टमेंट' त्याहून स्वस्त. त्यात बाग शोधू नये. तो अर्धा जमिनीखालचा मजला असतो, खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट दिसतात.

माझ्या मते इथली खरी बचत भाड्यात नाहीच, गाडी न ठेवण्यात आहे. मध्यपश्चिमेतल्या बहुतेक शहरांत गाडीवाचून दूध आणायचीही पंचाईत. शिकागोत मात्र 'एल', म्हणजे खांबांवरून धावणारी लोकल, घराजवळ असली की भागते. रेड आणि ब्लू या मार्गिका तर रात्रभर चालतात. गाडी घेतलीत की हप्ता, विमा, पेट्रोल आलेच, शिवाय पार्किंग. २००८ साली शहराने रस्त्यावरचे मीटर ७५ वर्षांसाठी सुमारे १.१५ अब्ज डॉलरला खासगी कंपनीला देऊन टाकले. ते पैसे थोड्याच वर्षांत बहुतेक संपले, दर मात्र चढले.

बर्फ पडल्यावर तर जागेला सोन्याचा भाव. तासभर फावड्याने बर्फ उपसून गाडी काढायची आणि मोकळ्या जागेत मोडकी खुर्ची, इस्त्रीचे टेबल, जे हाताला लागेल ते मांडून जायचे. याला 'डिब्स' म्हणतात. कायद्यात त्याला आधार नाही, पण खुर्ची हलवायची छाती सहसा कुणाची होत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मराठी कुटुंबे बरीचशी नेपरव्हिल, शॉमबर्ग अशा उपनगरांत राहतात. तिथे शाळा चांगल्या, अंगण मोठे, पण घरटी दोन गाड्या आणि इलिनॉयचा जबर मालमत्ता कर. शहरात राहणाऱ्याला मेथीची जुडी आणि पोहे हवे असले तर डेव्हन अॅव्हेन्यू गाठायचा. आज अमेरिकाभर दुकाने असलेले 'पटेल ब्रदर्स' १९७४ साली याच रस्त्यावर सुरू झाले.

आणि उन्हाळा जवळजवळ फुकटात निघतो. मिशिगन सरोवराच्या काठाने १८ मैलांची पायवाट, वाळूचे किनारे आणि लिंकन पार्कचे प्राणिसंग्रहालय, कुठेच तिकीट नाही. जुलैतल्या रविवारी उपनगरातली मंडळी डबे घेऊन येतात, चटई अंथरतात, आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी उठून मीटर बघून येते.